आमच्या जीपचा सांधा

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकासाठी काय लिहावे, याचे संकेत ठरून गेलेले आहेत. एखाद्या संतकवीवर लिहावे, एखाद्या म्हणीचे मूळ शोधावे, फार तर उत्तरपत्रिकांतल्या गमती सांगाव्या. मी यंदा जीपच्या शाफ्टच्या जॉइंटवर लिहिणार आहे, असे घरात जाहीर केले तेव्हा सौभाग्यवतींनी हातातली करंजी ताटात ठेवली आणि विचारले, "बरं वाटतंय ना?"

बरे वाटते आहे. किंबहुना गेल्या वर्षीच्या श्रावणात जे घडले, त्यानंतर हे कधीतरी लिहून काढल्याशिवाय मला बरे वाटणार नव्हते.

आम्ही पेणजवळच्या रामवाडीत राहतो. मुंबई-गोवा महामार्गाने जाताना एस.टी.चे आवार दिसते, तीच आमची रामवाडी. पेण म्हटले की वाचकांना दोनच गोष्टी आठवतात, पोह्याचे पापड आणि गणपती. आमच्या थोरल्या बंधूंचा गणपतीचा लहानसा कारखाना आहे. मूर्ती शाडूच्या, आणि गिऱ्हाइके बहुतेक गावोगावची जुनी घरे. मोठे कारखानदार ट्रक भरभरून मूर्ती मुंबईला धाडतात. दादाच्या मूर्ती मात्र खारेपाटातल्या बांधांवरून आणि डोंगराकडच्या वाड्यांवरून, जिथे टेंपोवाला यायला तयार नसतो तिथे जातात. त्यासाठी त्याने लष्करी लिलावातून फिरत फिरत आलेली एक जुनी जीप घेतली आहे आणि तिच्या पाठीमागे एक ट्रॉली जोडली आहे. घरात तिच्याइतके लाड माझ्या पुतण्याचेही होत नाहीत.

त्या दिवशी दादा गागोद्याच्या बाजूच्या एका वाडीवर बावीस मूर्ती पोचवायला निघाला होता. गागोदे म्हणजे विनोबाजींचे जन्मगाव. तिथून पुढे चढ लागतो. सकाळपासून पावसाने उघडीप दिली होती. मागच्या आसनावर माझा अकरा वर्षांचा पुतण्या एक मूर्ती मांडीवर घेऊन बसला होता. ती मूर्ती ज्या घरची होती तिथल्या आजींनी तिला ट्रॉलीत ठेवू नये, अशी ताकीद दिली होती.

चढाच्या मध्यावर गाडीखाली "काड्" असा आवाज झाला आणि इंजिन मोकळे फिरू लागले. दादाने पायाचा ब्रेक दाबला, हँडब्रेक खसकन ओढला आणि काय तुटले ते पाहायला तो उतरला. एक पाय जमिनीवर टेकतो न टेकतो तोच जीप मागे सरकू लागली. हँडब्रेक पुरता ओढलेला होता, तरीही! ट्रॉली तिला खाली खेचत होती. आत मुलगा होता आणि मागे वळणावर बारा-पंधरा फुटांचा ओढा. दादाने कसेबसे स्वतःला आत झोकून पायाचा ब्रेक गाठला. ट्रॉली तिरपी होऊन दरडीत रुतली आणि गाडी थांबली. चार मूर्ती भंगल्या. पुतण्याच्या मांडीवरची मूर्ती शाबूत होती. तो रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "बाबा, हँडब्रेक लावला नव्हता का?"

वाचकहो, त्या एका प्रश्नाने माझ्या भावाची झोप महिनाभर उडवली. हँडब्रेक लावला होता. मग गाडी चालली कशी?

त्याचे उत्तर मला आमच्या शेजारच्या मिस्त्रींकडून मिळाले. मिस्त्रींनी उभी हयात एस.टी.च्या बसगाड्यांखाली उताणे पडून काढली आणि निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत हत्यारांची पेटी मांडली. दादाचा फोन येताच मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून घटनास्थळी नेले. ते गाडीखाली शिरले, दोन मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, "मागचा क्रॉस तुटलाय. शाफ्ट लोंबतोय. आणि सर, ह्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकावर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, शाफ्टवर असतो. शाफ्टच सुटला, तर हँडब्रेक धरणार कुणाला? तो बिचारा आपला खुंट धरून बसला होता!"

खरोखरच तसे होते. युद्धकाळातल्या विलिस जीपमध्ये आणि तिच्या वंशातल्या कित्येक गाड्यांमध्ये हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्समागच्या ट्रान्स्फर केसवर बसवलेला असे. ब्रेक आणि चाक यांच्यामध्ये शाफ्ट, शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे. एक सांधा निखळला की ब्रेकचा चाकाशी संबंध संपला. पायाचा ब्रेक मात्र तेलाच्या दाबाने थेट चाकांवर चालतो, म्हणून माझा पुतण्या आज घरात फटाक्यांची यादी करतो आहे.

मिस्त्रींनी लोंबता शाफ्ट दोन्हीकडून काढून जीपमध्ये टाकला आणि दुसरा दांडा ओढून पुढच्या चाकांची ओढ जोडली. "आता ही पुढच्या पायांवर घरी जाईल," ते म्हणाले. आणि गेली! चार चाकांना ओढ असण्याचा हा एक फायदा. मागचा शाफ्ट गेला तर पुढचा गाडी घरी आणतो. पुढची ओढ जोडली की हँडब्रेकही पुढच्या चाकांमार्फत धरू लागतो. दादाने वाटेवर दोनदा थांबून ते करून पाहिले. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पडवीत शाफ्टची चिकित्सा सुरू झाली. मी आपला प्रेक्षक म्हणून गेलो आणि विद्यार्थी होऊन परतलो.

शाफ्ट म्हणजे पोलादी पोकळ नळी. तिच्या दोन्ही टोकांना दुबेळके असते, त्याला फोर्क म्हणतात. दोन फोर्क एकमेकांना काटकोनात धरतात आणि त्यांच्या मधोमध अधिकच्या चिन्हासारखा चार भुजांचा क्रॉस बसतो. प्रत्येक भुजेवर एक वाटी, म्हणजे कप, आणि कपात सुईसारख्या बारीक बेअरिंगांची रांग. गिअरबॉक्स चौकटीला घट्ट बांधलेला; मागचा धुरा मात्र कमानपाट्यांवर खालीवर नाचतो. या स्थिराला आणि त्या चंचलाला फिरता फिरता जोडून ठेवायचे, हे या क्रॉसचे काम. शिवाय धुरा वर गेला की अंतर बदलते, म्हणून शाफ्टमध्ये खाचांवर सरकणारा एक भाग असतो, त्याला स्प्लाइन म्हणतात.

"व्याकरणात ह्याला आम्ही संधी म्हणतो," मी उगीचच म्हणालो.

"तुमच्या संधीत दोन अक्षरं भेटली की दोन्ही बदलतात," मिस्त्री म्हणाले. म्हाताऱ्याने सातवीत शिकलेले सारे लक्षात ठेवले होते. "हितं दोघांनी आपापली दिशा सोडायची नाही, आणि तरी बरोबर फिरायचं."

या सांध्याची कुळकथा मोठी आहे. इटलीतला सोळाव्या शतकातला वैद्य आणि गणिती कार्दानो याच्या नावाने युरोपात त्याला कार्डन म्हणतात. इंग्रज त्याला हूकचा सांधा म्हणतात. हा हूक म्हणजे शाळेत स्प्रिंगच्या नियमात भेटतो तोच रॉबर्ट हूक. सतराव्या शतकात त्याने हा सांधा वापरला आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. मोटारीत तो नीट नांदू लागला तो मात्र अमेरिकेत. क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या तरुणाने १९०३ साली त्याचे पेटंट घेतले आणि १९०४ साली धंदा मांडला. आज आपल्याकडचे मिस्त्री क्रॉसची मापे सांगतात, त्यांतली बरीचशी या स्पायसरच्या घराण्यातली आहेत.

आता या सांध्यातली खोड. ती हूकलाही ठाऊक होती. मिस्त्रींनी एक सुटा जोड पकडीत आवळला, एका बाजूला खडूने रेघ मारली आणि मला म्हणाले, "एका चालीनं फिरवा आणि दुसऱ्या बाजूकडं बघा." दोन्ही दांडे सरळ रेषेत असताना दोन्ही बाजू सारख्या फिरल्या. मग त्यांनी जोड वाकवला. मी एका चालीने फिरवत होतो, पण पलीकडची बाजू क्षणात पुढे धावे, क्षणात मागे रेंगाळे. एका फेऱ्यात दोनदा पुढे, दोनदा मागे. फेरा पुरा झाला की दोघे पुन्हा बरोबर. लग्नाच्या वरातीत घोड्यामागून चालणाऱ्या वऱ्हाडासारखे!

हा फरक किती, हे त्रिकोणमितीने काढता येते. जोडाचा कोन १० अंश असेल तर पलीकडचा वेग दीड टक्का कमीजास्त होतो. १५ अंशांना साडेतीन टक्के, २० अंशांना सहा टक्के आणि ३० अंशांना जवळजवळ पंधरा टक्के. कोन दुप्पट झाला की हेलकावा चौपट होतो, ही यातली मेख.

मग सगळ्या मोटारी थरथरत का नाहीत? कारण शाफ्टला दोन टोकांना दोन सांधे असतात. पहिल्याने केलेला घोटाळा दुसरा निस्तरतो. परंतु त्याला दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे फोर्क एका पातळीत हवेत. स्प्लाइनवर म्हणूनच दोन बाण कोरलेले असतात. बाणासमोर बाण आणूनच शाफ्ट जोडायचा.

मिस्त्रींनी आमचा शाफ्ट जमिनीवर ठेवला. एका टोकाचा फोर्क आडवा होता, दुसऱ्याचा उभा.

"हे कुणी केलं?"

दादा खाली पाहू लागला. खारेपाटातल्या चिखलात पोट टेकू नये म्हणून त्याने मार्गशीर्षात एका गॅरेजात जीप उंच करून घेतली होती. पाट्यांना लांब शॅकल आणि मोठी चाके. जीप दिसायला मोठी रुबाबदार झाली. आमच्या वहिनींना तेवढे तिच्यात चढता येईना! जीप उंच झाली तसा शाफ्ट तोकडा पडला, म्हणून गॅरेजवाल्याने तो खोलून लांब केला आणि जोडताना बाणाकडे पाहिले नाही. आता चूक निस्तरण्याऐवजी दुसरा सांधा पहिल्याच्या चुकीत भर घालत होता. मिस्त्रींनी कोनमापक लावले. कोन सुमारे १५ अंश. म्हणजे साडेतीनच्या जागी सात टक्के हेलकावा.

सात टक्के म्हणजे काय मोठे, असे मलाही वाटले. म्हणून कागद घेऊन बसलो. जीपचे जुन्या मापाचे चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटर जाते. ताशी ४० किलोमीटरने जाताना ते सेकंदाला जवळजवळ पाच फेरे घेते. धुऱ्यातल्या दात्यांमुळे शाफ्ट त्याच्या ४.८८ पट, म्हणजे मिनिटाला सुमारे १४०० फेरे फिरतो. दर फेऱ्याला दोन धक्के. म्हणजे सेकंदाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वेळा तो क्रॉस पुढे ढकलला जातो आणि मागे ओढला जातो. पेणहून वडखळपर्यंत जायचे म्हटले तरी हातोड्याचे हजारो घाव झाले. सुई-बेअरिंगांनी भुजांवर चरे पाडले होते. वंगण सुकून लाल भुकटी झाली होती. "गाडी घरघरते" अशी तक्रार वहिनी पौषापासून करत होत्या. त्यावर दादा म्हणे, "जुनी गाडी आहे, घरघरणारच." आम्ही पुरुष बायकांचे आणि यंत्रांचे सारख्याच लक्षपूर्वक ऐकतो.

कोन शून्यच ठेवावा, असे मात्र कोणी समजू नये. अगदी सरळ रेषेत सुया जागेवरच राहतात, फिरत नाहीत आणि एकाच ठिकाणी रुतून खाचा पाडतात. थोडासा, दोनतीन अंशांचा कोन सांध्याला मानवतो. माणसाच्या गुडघ्याचेही तसेच आहे. थोडे चालणे हवे, उड्या नकोत.

आता दादाने तोंड उघडले. "मिस्त्री, ह्याच्यापेक्षा मोठा क्रॉस टाका. दुप्पट जाड. पैशाकडं बघू नका." ओढ्याकडे सरकणारी जीप त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

मिस्त्रींनी विडी विझवली. "दादा, मोठा म्हणजे केवढा? नि कशापायी मोठा? सर, लिहून घ्या."

तेव्हा मी लिहून घेतलेला हिशेब इथे देतो. ज्यांच्या घरी अशी गाडी नाही त्यांनीही तो वाचावा. संसारातही उपयोगी पडेल.

शाफ्टवर किती पीळ येऊ शकतो, हे दोन वाटांनी पाहायचे. पहिली वाट इंजिनाकडून. युद्धकाळातल्या जीपचे इंजिन साठ अश्वशक्तीचे आणि त्याचा जास्तीत जास्त पीळ १०५ पौंड-फूट, म्हणजे साधारण साडेचौदा किलोग्रॅम-मीटर. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साडेचौदा किलो वजन टांगले, तर मुळाशी जो पीळ बसेल तेवढा. पहिला गिअर तो २.६७ पट करतो आणि ट्रान्स्फर केसचा हलका गिअर आणखी १.९७ पट. गुणाकार केला की शाफ्टवर सुमारे ७६ किलोग्रॅम-मीटर. पुढे धुऱ्यातले दाते तो ४.८८ पट करतात आणि दोन चाकांकडे मिळून ३७० च्या वर जातो. साडेचौदाचे तीनशे सत्तर! मोटार सपाट रस्त्यावर शर्यत हरेल, पण भिंत चढेल, ते या गुणाकारामुळे.

दुसरी वाट जमिनीकडून. जमीन धरील तेवढाच पीळ शाफ्टवर टिकतो, त्यापुढे चाक घसरते. मागच्या धुऱ्यावर माल धरून ८०० किलो भार, कोरड्या रस्त्याची पकड भाराच्या आठ दशांश आणि चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरली, तर धुऱ्याशी २३० आणि शाफ्टशी सुमारे ४७ किलोग्रॅम-मीटर येतात. इंजिन ७६ देऊ शकेल, पण जमीन ४७ च्या वर घेणार नाही. दोन्हींत जो आकडा लहान, तो नेहमीचा भार. आणि वरून धक्क्यांसाठी सढळ हाताने जागा सोडायची.

यातून एक गंमत निघते. चिखलाची पकड अगदी थोडी, म्हणून चिखलात चाके कितीही गरगरली तरी शाफ्टवर फारसा पीळ येत नाही. गरगरते चाक चिखलातून एकदम कोरड्या दगडावर आले की ते थबकते, फिरत्या इंजिनाचा सगळा जोर एका क्षणात सांध्यावर आदळतो आणि तिथे क्रॉस तुटतो. शिवाय चाक मोठे केले की जमिनीचा हातही लांब होतो आणि शाफ्टला जास्त पिळतो. दादाने चाके मोठी केली तेव्हा त्याने सांध्याचे कामही वाढवले होते, आणि सांध्याला ते कोणी सांगितले नव्हते.

तशीच दुसरी गोष्ट डांबरी रस्त्याची. या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना कुलूप घातल्यासारखे जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात ती थोडी घसरून फरक भागवतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळत राहतात. "फोर व्हील चिखलात टाकायची, डांबरावर काढायची," हे मिस्त्रींचे सूत्र प्रत्येक जीपवाल्याने देव्हाऱ्याशेजारी लिहून लावावे.

आता क्रॉसचे माप. ते दोन आकड्यांनी सांगतात, कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या बाहेरच्या टोकांमधले अंतर. हलक्या गाड्यांत सर्रास सापडणारा स्पायसरचा १३१० क्रमांकाचा क्रॉस कपाशी २७ मिलिमीटर आणि टोकाशी टोक सुमारे ८२. त्याचा थोरला भाऊ १३५०, कप सव्वातीस आणि लांबी ९२. त्याच्याही पुढचा १४१०, कप तेवढाच, पण लांबी १०६. नुसती लांबी वाढवून काय मिळते? भुजा लांब झाली की तोच पीळ कमी जोराने पेलता येतो. ७६ किलोग्रॅम-मीटरचा पीळ समोरासमोरच्या दोन बेअरिंगांमध्ये साडेसहा सेंटिमीटर अंतर असताना पेलायचा, तर प्रत्येक भुजेवर हजार किलोंहून अधिक जोर येतो. करंगळीएवढ्या पोलादावर एक बैल उभा! अंतर वाढवा, जोर कमी होतो. भुजेची जाडी थोडी वाढवली तरी वाकण्याला विरोध तिच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

"मग टाका ना मोठा!" दादा.

"टाकतो. मग पुढच्या खेपेला काय तुटेल? क्रॉस नाही तुटला, तर धुऱ्यातले दाते तुटतील, नाहीतर ट्रान्स्फर केस फुटेल. क्रॉस शंभरात येतो, दाते हजारांत. सगळ्यात स्वस्त नि हाताशी असलेली वस्तू आधी तुटावी, दादा. घरातला फ्यूज जाड तारेनं बांधता का तुम्ही?"

दादा गप्प झाला. मलाही जरा लागले. आपण घरात, नोकरीत, नात्यांत किती ठिकाणी जाड तारेने फ्यूज बांधून ठेवतो!

नळीचेही असेच शास्त्र आहे. शाफ्ट भरीव नसून पोकळ असतो, कारण पीळ पेलण्याचे काम बाहेरचे कडेच करते. आतले पोलाद नुसतेच वजन. कोकणात वाढलेल्या माणसाला कळकाचे बेट पाहिल्यावर हे वेगळे समजवावे लागत नाही. पण नळी लांब झाली की दुसरे संकट येते. एका ठरावीक वेगाला ती दोरीवरच्या उडीच्या दोरीसारखी मध्ये फुगून फिरू लागते. लांबी दुप्पट केली तर तो धोक्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून लांब ट्रकांत शाफ्ट मध्ये तोडून तिथे एक बेअरिंग टांगतात. जीपचा मागचा शाफ्ट आखूड, त्याला ती भीती नाही. त्याचे दुखणे उलटे. आखूड शाफ्टला गाडी जरा उंच केली की कोन झपाट्याने वाढतो.

"मग पुढच्या चाकांचं काय?" मी विचारले. "ती तर वळतातसुद्धा."

मिस्त्रींचा चेहरा खुलला. वर्गातल्या मागच्या बाकावरून शहाणा प्रश्न आला की माझा खुलतो तसा. पुढचे चाक वळते तेव्हा त्याच्या सांध्याला तीस अंशांच्या आसपास वाकावे लागते. तिथे साधा क्रॉस टाकला तर पंधरा टक्के हेलकावा सुकाणूवर हात मारील. म्हणून तिथे समवेगी सांधा लागतो, ज्यात कितीही वाकवले तरी दोन्ही बाजू एका चालीने फिरतात. त्याची युक्ती अशी की बळ देणारे-घेणारे बिंदू दोन दांड्यांमधल्या कोनाच्या नेमके दुभाजकावर राहतात. फ्रान्सात ग्रेग्वार आणि फनाय यांनी १९२६ च्या सुमारास ट्रॅक्टा नावाचा असा सांधा काढला. अमेरिकेत झेप्पा नावाच्या इंजिनिअरने त्याच दशकात पोलादी गोळ्यांचा सांधा रचला. कार्ल वाइस याचाही एक होता. दुसऱ्या महायुद्धात जीपगाड्या सहा लाखांहून अधिक निघाल्या. एवढे सांधे एकाच्याने पुरवणे शक्य नव्हते, म्हणून जीपच्या पुढच्या धुऱ्यात हे तीनही प्रकार बसवले गेले. झेप्पाच्या गोळ्यांच्या सांध्याची पणतवंडे आज तुमच्या-आमच्या साध्या मोटारीच्या पुढच्या चाकांत आहेत. चारचाकी ओढीची गाडी लागत नाही. वळताना चाकाजवळ "टक्-टक्" वाजले तर समजावे, रबरी टोपण फाटून आतले वंगण गेले आहे.

आपल्याकडे ही विद्या जीपबरोबरच आली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. जबलपूरला पुढे शक्तिमान ट्रक आणि जोंगा तयार झाल्या. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्करी गाड्यांची संशोधन संस्था आहे. परंतु त्या विद्येचा शेवटचा पदर अजून कुठल्यातरी पडवीत, कुठल्यातरी मिस्त्रींच्या बोटांत असतो, आणि तो सहसा कोणी लिहून घेत नाही.

शेवटी उपाय ठरला. दोन टोकांचे कोन जुळत नसले तर एका टोकाला दोन क्रॉसचा जोडसांधा बसवता येतो, पण तो खर्चाचा आणि लांबीला जास्त. मिस्त्रींनी एकच विचारले, "दादा, जीप उंच कशापायी केलीत? खरं सांगा."

"चिखलासाठी."

"इतकी वर्षं चिखलात गेली नव्हती?"

दादाने मान खाली घातली. लांब शॅकल निघाले, जुन्या मापाची चाके परत आली, कोन सात-आठ अंशांवर आला. क्रॉस मूळ मापाचाच, नवा आणि चांगल्या बनावटीचा बसवला. बाणासमोर बाण आला. प्रत्येक कप वंगणाने भरला, लॉक नीट बसल्याचे बोट फिरवून पाहिले. शाफ्ट तुटलाच तर जमिनीवर पडून रुतू नये म्हणून त्याभोवती पट्टीचे एक कडे बसवले. आणि ट्रॉलीत लाकडाच्या दोन पाचरी ठेवल्या.

भंगलेल्या चार मूर्ती शाडूच्या होत्या. वहिनींनी त्या पाण्यात भिजवल्या, माती मळून दिली आणि दादाने रात्री जागून चार नव्या घडवल्या. चौथीच्या दोन दिवस आधी जीप पुन्हा त्या चढावर उभी राहिली. मीही गेलो होतो. ज्या वळणावर ट्रॉली रुतली होती तिथे दादाने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि पायाचा ब्रेक हळूहळू सोडला. गाडी हलली नाही. तरी तो उतरेना. तेवढ्यात पुतण्या मागून उडी मारून खाली उतरला आणि दोन्ही चाकांमागे पाचरी ठोकून म्हणाला, "उतरा आता बाबा."

यंदा मिस्त्रींनी माझ्याकडे एक काम दिले आहे. त्यांच्या पडवीत दोन मुले शिकायला येतात. त्यांच्यासाठी हे सारे सोप्या मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहून द्यायचे. मी आपला पहिला मसुदा नेऊन दाखवला. त्यात मी "समवेगी संधी" असे लिहिले होते. मिस्त्रींनी चष्मा वर करून वाचले आणि खोडले.

"सांधा लिहा, सर. संधी एकदाच येते म्हणतात. सांधा रोज फिरायचा असतो."

मी मुकाट्याने दुरुस्ती केली. पाडव्याला तो पुठ्ठा आणि फराळाचा डबा घेऊन त्यांच्या पडवीत जायचे आहे. पुठ्ठ्याच्या तळाशी, पुतण्याच्या आग्रहावरून, त्याच्याच अक्षरात एक ओळ घातली आहे: "चढावर गाडी थांबवली तर आधी पाचर, मग उतरणे."